मिरगाआधी पन्हळ साफ करताय? मग सुरुवात खालून करा

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मागच्या पडवीवर पत्रा आणि पुढे नंतर वाढवलेली एक स्लॅबची खोली, म्हणजे तीन प्रकारची छपरं एकाच घराला. गेली अठरा वर्षं दर मे महिन्यात या सगळ्याच्या पन्हळी मी साफ करते, आधी सासऱ्यांबरोबर करायचे, आता मुलगा शिडी धरतो. त्यामुळे जे खाली लिहितेय ते हाताने केलेलं आहे.

बहुतेक लोक पन्हळ साफ करायची म्हणजे शिडी लावून वर चढतात, पाला काढतात, पाणी मारतात आणि झालं म्हणून उतरतात. हे निम्मंच काम. पाणी अडतं ते जास्त करून वरच्या पन्हळीत नाही, तर तिथून खाली येणाऱ्या पाईपात, त्यातही एल्बोमध्ये, म्हणजे पाईपाच्या वळणाच्या जोडात. आमचे आप्पा, म्हणजे सासरे, म्हणायचे, "आधी खाली बघ, मग वर चढ." मला ते तेव्हा कळलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी एकटीने पन्हळ इतकी स्वच्छ केली की बोट फिरवलं तर नुसता पत्रा लागत होता. पण वरच्या एल्बोत आंब्याच्या पानांचा बोळा घट्ट बसलेला, तो बाहेरून दिसतच नव्हता. जुलैत एका रात्री पाऊस लागला, पन्हळ काठोकाठ भरली, आणि आमच्या पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा उंच बसवलेली असल्यामुळे पाणी अंगणात न सांडता मागे, भिंतीच्या डोक्यावर उतरलं. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत पाणी पिते हो. आठ दिवसांत आतल्या खोलीत कपाटामागची भिंत काळी पडली आणि भिंतीवर टेकलेल्या दोन वाशांची टोकं पुढच्या दोन वर्षांत अशी कुजली की बोटाने दाबलं तर लाकूड आत जायचं. ते वासे बदलायला सगळं पाखं, म्हणजे छपराची ती उतरती बाजू, उतरवावं लागलं. एका बोळ्यापायी.

थोडा हिशोब सांगते म्हणजे पन्हळीवर किती भार येतो ते लक्षात येईल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. आमच्याकडे दिवसाला २०० मिलिमीटरचा पाऊस दर पावसाळ्यात कधी ना कधी होतोच, म्हणजे एका दिवसात अठरा हजार लिटरच्या वर पाणी त्या छपरावरून उतरतं, आणि आमच्या घराला ते उतरायला दोनच पाईप. त्यातला एक बंद पडला तर काय होणार ते वेगळं सांगायला नको.

आता कधी करायचं ते. आगोटीची कामं म्हणजे लाकडं भरणं, शाकारणी, पडवीला झापं नाहीतर ताडपत्री बांधणं, ही मिरगाच्या आधी म्हणजे ७-८ जूनच्या आत आटपायची अशी पूर्वीपासूनची रीत. पण आता त्या तारखेवर विसंबू नका. २०२५ साली पाऊस २५ मेला तळकोकणात आणि २६ मेला मुंबईत हजर, मुंबईत एरवी तो ११ जूनच्या आसपास येतो. त्या वर्षी आमच्या वाडीत अर्ध्या लोकांची कौलं उतरवून ठेवलेली होती. तेव्हापासून माझी तारीख १५ मे, त्याच्या पुढे नाही. फार लवकर, एप्रिलच्या सुरुवातीला करूनही फायदा नाही, कारण तेव्हा पानगळ चालूच असते, वारा सुटलेला असतो, आंबे काढताना पानं डहाळ्या पडतात आणि आठ दिवसांत पन्हळ परत भरते.

तर पहिलं काम खाली उभं राहून. पाईपाच्या तोंडाशी बसा, आत टॉर्च मारा, उंदराने घरटं केलंय का, कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का ते बघा. मग एक काठी घेऊन पाईपावर खालून वर हळू ठोकत जा. रिकामा पाईप पोकळ वाजतो, जिथे आत काही अडकलंय तिथे आवाज बद्द येतो. दोन-तीनदा केलंत की कानाला लगेच कळतं, आणि हे करायला शिडीसुद्धा लागत नाही. अडकलेलं काढायला आमच्याकडे चिवारीची, म्हणजे बारीक बांबूची, लांब हिरवी कांबट वापरतात, ती वाकते पण मोडत नाही, एल्बोत वळते, पुढच्या टोकाला फडकं घट्ट बांधायचं आणि खालून वर सारायचं. खालूनच का, तर वरून ढकललं तर बोळा अजून घट्ट बसतो. बागेचा पाण्याचा पाईप असेल तर तोही खालूनच वर घाला. लोखंडी सळई मात्र नको, पीव्हीसी पाईप उन्हाने कडक झालेला असतो, त्याला तडा जायला वेळ लागत नाही.

आणि पाईप नवीन बसवत असाल तर दोन गोष्टी प्लंबरकडून करून घ्याच. एक, काटकोनाच्या एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन एल्बो जोडून वळण घ्या, त्यात पाला कमी अडकतो. दुसरं, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा एल्बो सोल्युशनने चिकटवू नका, नुसता दाबून बसवून एक स्क्रू मारा, म्हणजे दरवर्षी काढून हात घालून साफ करता येतो. पाईप चार इंचीच घ्या, अडीच इंची स्वस्त पडतो पण तो आंब्याखालच्या घराला पुरत नाही.

पाईप मोकळा झाला की मग वर चढायचं. चढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या आणि यात घाई करू नका. पहिली, खांबावरून घरात येणारी लाईटची वायर. कोकणात ही वायर बऱ्याच घरांना पन्हळीच्या अगदी जवळून येते. घरातला मेन स्विच बंद केला तरी मीटरपर्यंतची वायर चालूच असते, हे लोक विसरतात. ॲल्युमिनियमची शिडी त्या बाजूला नेऊच नका, आणि वायरचं आवरण फाटलेलं दिसलं तर वायरमनला बोलवून ते आधी करून घ्या, मग पन्हळ. दुसरी, शिडी पन्हळीवर टेकवू नका, ती भार घ्यायला बनवलेली नसते, भिंतीला टेकवा. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या साधारण पाव अंतरावर, म्हणजे बारा फुटांवर टेकली असेल तर खाली तीन फूट. वर दोरीने वाशाला बांधा आणि खाली एक माणूस हवाच. घर दुमजली असेल तर स्वतः चढू नका, या कामाची सवय असलेला माणूस रोजाने बोलवा. तिसरी, पन्हळीत हात घालण्याआधी काठीने ढवळा. कौलांखाली विंचू असतो, गांधीलमाशांचं पोळं असतं, आणि उंदरामागे साप येतो. कवड्या साप भिंतीवरून सहज छपरावर चढतो, तो बिनविषारी, पण मण्यार त्याच्यासारखीच दिसते, त्यामुळे ओळखत बसायचं नाही, खाली उतरायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा.

हातमोजे रबरी आणि कोपरापर्यंतचे घ्या. पन्हळ म्हणजे उंदरांचा रस्ता, त्यांच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो आणि तो हातावरच्या छोट्याशा चिरेतूनही शिरतो. पत्र्याची कड हाताला कापतेच, त्यामुळे मोज्यांशिवाय हे काम करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत धुवा.

वर गेल्यावर पहिल्यांदा पाईपाच्या तोंडात जुन्या फडक्याचा बोळा घाला, म्हणजे सैल झालेला गाळ तुम्ही नुकत्याच साफ केलेल्या पाईपात जाणार नाही. त्या बोळ्याला लाल सुतळी बांधून ती खाली लोंबती सोडा, काम संपल्यावर ती दिसली की बोळा काढायची आठवण राहते. हे फार महत्त्वाचं आहे, बोळा आत राहिला तर साफ न केलेलं परवडलं. मग पाईपाकडून सुरुवात करून लांब लांब सरकत जायचं.

पन्हळीतला गाळ थराथराने असतो. वर वाळलेली पानं, आंब्याची, काजूची, मधे मोहोराच्या काड्या आणि सुपारीची फुलं एकमेकांत विणल्यासारखी, आणि तळाला काळा, गार, कातासारखा चिकट चिखल, त्यात गांडुळंसुद्धा असतात. या तळच्या थराकडेच दुर्लक्ष होतं, आणि तोच वर्षभर ओल धरून पत्रा खातो. कोपऱ्यात एखादं उंबराचं किंवा पिंपळाचं रोप असतं, चार पानांचं, बघायला छान वाटतं. ते नुसतं उपटू नका, मूळ सांध्याच्या फटीतून कुठे गेलंय ते बघा, बोटाने माती सारत त्याच्या मागे जा. गेल्या वर्षी आमच्याकडे रोप वीतभर होतं आणि मूळ पत्र्याखालून भिंतीत दीड हात गेलेलं. मूळ तुटून आत राहिलं तर ते परत फुटतं.

खरवडायला लोखंडी खुरपं वापरू नका. पत्र्यावरचा जस्ताचा थर निघाला की खाऱ्या हवेत तिथे दोन पावसाळ्यांत गंज धरतो. मी पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन तिरका कापून त्याची सुपली करते, ती पन्हळीच्या गोलाईत नेमकी बसते. बाकी एक घमेलं नाहीतर बादली, शिडीला अडकवायला आकडा, आणि शेवटी घासायला खराटा. कौलांवर पाय द्यायची वेळ आली तर कौल जिथे खालच्या कौलावर चढलेलं असतं आणि खाली रीप असते तिथेच पाय द्या, मधे दिला की फुटतं. सिमेंटच्या पत्र्यावर अजिबात उभं राहू नका, तो न कुरकुरता एकदम तुटतो, आणि त्यावरचं शेवाळ कोरडं खरवडू नका, त्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, पाणी मारून ओलं करूनच हलक्या हाताने काढा. पन्हळीतून निघालेला काळा गाळ मात्र टाकायचा नाही, अळवाला आणि शेवंतीला तो फार मानवतो.

साफ झाल्यावर बोळा काढा आणि पाईपापासून सगळ्यात लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. पाणी चालत जाऊन पाईपात पडलं पाहिजे आणि खालून धबधब आलं पाहिजे, करंगळीएवढी धार आली तर पाईपात अजून काहीतरी आहे. पाच मिनिटांनी परत बघा, पाणी कुठे थांबलंय का. थांबलं असेल तिथे खडूने खूण करा, तिथला पन्हळ धरणारा क्लॅम्प खाली गेलाय. दहा फुटाला अर्धा इंच उतार पुरतो, तो बघायला गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी सगळ्यात बरी. आणि पुढची कड मागच्या कडेपेक्षा अर्धा इंच तरी खाली पाहिजे, म्हणजे कधी तुंबलीच तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीत नाही. आमची ती कड आम्ही वासे बदलतानाच दुरुस्त करून घेतली. पाणी थांबून राहणाऱ्या पन्हळीत डेंग्यूचा डास अंडी घालतो, त्याला स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, त्यामुळे दोन बोटं पाणी राहिलं तर राहू दे असं म्हणू नका.

सांधे गळत असतील तर पन्हळ दोन दिवस उन्हात कडक वाळू द्या, जुनं सिलिकॉन पूर्ण काढा, मग नवीन भरा आणि एक दिवस हात लावू नका. ओल्यावर भरलेलं सिलिकॉन पहिल्या पावसात सोलून येतं. गंज असेल तिथे तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साईड, मग ऑइल पेंट. समुद्राजवळच्या लोकांनी क्लॅम्प आणि स्क्रू यांच्यात पैसे वाचवू नयेत. पन्हळ पीव्हीसीची घेतात आणि स्क्रू साधे लोखंडी, मग पन्हळ चांगली राहते आणि ती धरणारे स्क्रू गंजून जातात. स्टेनलेस स्टीलचेच घ्या, दर दोन फुटांवर एक क्लॅम्प. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा आमच्याकडे दापोली-मंडणगडलाही छपरं उडाली, आणि आमच्या वाडीत मी जे बघितलं त्यात पन्हळी उपटल्या त्या सगळ्या गंजक्या स्क्रूंच्याच.

जाळीबद्दल नेहमी विचारतात. पूर्ण पन्हळीवर आडवी जाळी टाकणं आमच्या भागात चालत नाही, मी दोन वर्षं करून बघितलं. पानं वर राहतात खरी पण मोहोराची बारीक काडी आणि सुपारीचं फूल जाळीच्या भोकांत बसतं, त्याची चटई होते, आणि पाणी जाळीवरूनच पुढे उडी मारतं. फक्त पाईपाच्या तोंडावर तारेची उभट, टोपीसारखी जाळी बसवा. सपाट जाळीवर एक पान पडलं तरी तोंड बंद होतं, उभट जाळीला पान चिकटलं तरी बाजूने पाणी जातं.

स्लॅबचं काम सोपं, पण विसरलं तर सगळ्यात धोक्याचं. गच्चीला कठडा असतो, पाईपाचं तोंड तुंबलं की गच्ची म्हणजे हौद. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर फक्त दहा सेंटीमीटर पाणी साठलं तरी त्याचं वजन नऊ टनांच्या वर जातं. तोंडाभोवतीचा हातभर भाग दर पंधरा दिवसांनी झाडला पाहिजे, आणि कठड्याला थोडं वर एक जादा भोक ठेवून घ्या, म्हणजे तोंड तुंबलंच तर पाणी तिथून पडताना दिसतं आणि कळतं.

आणि एक सांगू का, प्रत्येक बाजूला पन्हळ लावायची गरजच नसते. जुन्या घरांना पन्हळी नव्हत्याच, छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट काढलेलं असायचं, पागोळ्या सरळ अंगणात पडायच्या आणि तिथे जांभ्याच्या दगडांची चर असायची. आमच्या मागच्या पाख्याला मी पन्हळ काढून टाकली आणि चर परत नीट करून घेतली, पाणी परड्यात माडांकडे जातं. वळचण मोठी असेल, खाली येण्याजाण्याचा रस्ता नसेल तर हेच करा, साफ करायची एक पन्हळ कमी.

पाईप खाली कुठे सोडलाय तेही महत्त्वाचं. भिंतीच्या पायाशी सोडलेलं पाणी पाया पोखरतं. निदान चार फूट लांब न्या, पडतं तिथे एक मोठा सपाट दगड ठेवा म्हणजे माती उडून भिंतीवर लाल शिंतोडे येणार नाहीत. संडासच्या टाकीत हे पाणी कधीही सोडू नका, पावसात टाकी भरून वर येते. विहिरीत सोडायचं असेल तर मधे गाळणीचा खड्डा हवाच आणि पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर घालवायचं, त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

आता बंद घरांचं. आमच्या वाडीत सोळापैकी सात घरं बंद, माणसं मुंबई-ठाण्याला. मुंबईकरांना माझी मनापासून विनंती आहे, मे महिन्यात येता तेव्हा आंबे-फणस भरायच्या आधी एक सकाळ पन्हळीला द्या, आणि गणपतीला याल तेव्हा दुसरी. गणपतीच्या सुमाराला पाऊस जरा उघडीप देतो, तेव्हा वर चढू नका कारण शेवाळ असतं, पण खालून पाईप ठोकून बघणं, स्लॅबचं तोंड झाडणं, आणि आतल्या प्रत्येक भिंतीवर वरून खाली हात फिरवणं एवढं तरी होतं. हाताला गार, दमट लागलं की त्याच्या वरच्या पन्हळीत काहीतरी आहे असं समजा. मधल्या काळात शेजाऱ्यांना सांगून ठेवा, मोठ्या पावसात तुमच्या घराचा एक व्हिडिओ काढून पाठवायला दोन मिनिटं लागतात. इथे राहणाऱ्यांनी परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरच्या शेवटाला एकदा पूर्ण साफ करावं, कारण पावसाळ्यातला कुजलेला गाळ सहा-सात महिने पत्र्यावर वाळत राहिला तर मेमध्ये तो सिमेंटसारखा होतो. आंब्याखाली घर असेल तर फेब्रुवारीत मोहोर झडल्यावर नुसता एक खराटा फिरवा.

आणि जूनची पहिली मोठी सर आली की घरात बसू नका. छत्री घेऊन घराला एक चक्कर मारा, सावकाश, प्रत्येक सांध्याखाली, प्रत्येक पाईपापाशी थांबून. कुठे थेंब गळतोय, कुठे पाणी कडेवरून येतंय त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उन्हात ते परत सापडत नाही. पाईपाच्या तोंडाशी आधी लाल-काळं पाणी येईल, मग चहासारखं, आणि पंधरा-वीस मिनिटांत स्वच्छ, जाडजूड धार. ती धार दोन्ही पाईपांना सारखीच आहे का तेवढं बघा. एकीकडे बारीक असेल तर सर थांबल्यावर चिवारीची कांबट घ्या आणि परत खालून वर.